फीत कापून झाली, आता पाणी कोण घालणार?

पाच जून जवळ आला की ऑफिसात एक मेल फिरतो. 'गो ग्रीन' असा काहीतरी सब्जेक्ट, सोबत एक्सेल शीट. टी-शर्टचा साइझ भरा, बसमधली सीट बुक करा, नाश्त्याला पोहे की सँडविच ते टिक करा. शनिवारी सकाळी कुठल्यातरी बागेत सगळे एकाच रंगाचे! खड्डे आधीच खणलेले, रोपं आधीच आणून ठेवलेली, एचआरचा बॅनर, बॉसच्या हातात झारी. क्लिक! दोन तासांत दोनशे रोपं लावून मंडळी बसमध्ये अंताक्षरी खेळायला मोकळी.

मी फ्रीलान्सर. मला असे मेल येत नाहीत, पण असे इव्हेंट कव्हर करायची बोलावणी मात्र येतात. तिथं मी एक प्रश्न हमखास विचारते आणि सगळ्यांचा मूड हमखास जातो. 'पुढच्या एप्रिलमध्ये ह्यांना पाणी कोण घालणार?' कोऑर्डिनेटर एचआरकडे बघतो, एचआर एनजीओकडे, एनजीओवाला माळ्याकडे. माळीबुवा आपले झाऱ्या गोळा करत असतात.

प्रश्न साधाच आहे हो. आपल्याकडे पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने नवं रोप माणसाच्या भरवशावर असतं. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला कुणी पाणी पाजलं तर ते झाड होतं, नाहीतर फोटोत राहतं.

बरं, पैसा नाही म्हणावं तर तसंही नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करणं भाग पडलं. कशावर खर्च करता येईल त्या यादीत पर्यावरण आहे, झाडं-प्राणी आहेत, वारसा वास्तूंची डागडुजीसुद्धा आहे. म्हणजे एखादी जुनी सार्वजनिक बाग सावरायची असेल तर कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती आपली सवय. देणगीचा पैसा उद्घाटनाला धावत येतो आणि बाग मात्र उद्घाटनानंतर जगायची असते. सगळी गोची इथं आहे.

आणि ही सवय कॉर्पोरेट जमान्यात लागलेली नाही. मुंबईला ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. पुरावा हवाय? भायखळ्याला उतरा आणि राणीच्या बागेत चला.

शेवटचे कधी गेला होतात? शाळेच्या ट्रिपला? की भाच्याला पेंग्विन दाखवायला? २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून पेंग्विन आले, २०१७ मध्ये लोकांना बघायला मिळाले आणि तेव्हापासून राणीची बाग म्हणजे पेंग्विन हे समीकरण फिट झालं. त्याआधी ते हत्ती आणि माकडं असं होतं. पण ही जागा मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच. प्राणिसंग्रहालय १८९० च्या सुमारास, बागेला आणखी १५ एकर जोडून आलं. त्याच्या तीसेक वर्षं आधीपासून ही वनस्पतींची बाग होती. लोकांनी फिरावं, झाडं ओळखावीत, शिकावं म्हणून केलेली. पेंग्विनच्या रांगेत उभं असताना मान वर केलीत तर अजून दिसते ती. आफ्रिकेतून आलेली ढेरपोटी गोरखचिंच, खोडालाच फुलं येणारा दक्षिण अमेरिकेतला कैलासपती, म्यानमारची उर्वशी, आपला खराखुरा सीता अशोक. सोसायटीच्या कंपाउंडला लावतात तो उंच, सरळसोट 'अशोक' वेगळा, बरं का!

ही बाग उभी कशी राहिली ती गोष्ट ऐका. आधी शिवडीला एक बाग होती, ती जागा युरोपियन लोकांच्या दफनभूमीसाठी गेली. मग पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान सोसायटीनं नवी बाग करायची ठरवलं. जगन्नाथ शंकरशेट म्हणजे आपले नाना शंकरशेट त्यात पुढे होते. माझगावच्या माउंट इस्टेटवर जागा मिळाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बागेचं उद्घाटन झालं. त्यांच्या नावाची ग्रीक देवळासारखी एक वास्तू बागेत आहे. सॅसून घराण्याच्या देणगीतून घड्याळाचा मनोरा आला. शेजारच्या म्युझियमसाठी, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी, लोकवर्गणी गोळा होऊ लागली.

एवढा पैसा आला कुठून? तर कापसातून. १८६१ मध्ये तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, अमेरिकन कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. शेअर्सचा असा काही ज्वर चढला होता की तुमचा डीमॅटवाला मित्र लाजेल! १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. शेठ मंडळी रस्त्यावर आली, म्युझियमची वर्गणी आटली आणि अर्धवट इमारत तशीच राहिली. शेवटी सरकारनं काम पुरं केलं आणि १८७२ मध्ये म्युझियम उघडलं. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, बागही महापालिकेच्या ताब्यात गेली.

बघा हं, ह्यात वाईट कुणीच नाही. नाना शंकरशेटांसारखी माणसं होती म्हणून शहराला बाग मिळाली. पण देणग्यांतून जे दिमाखात उभं राहिलं ते दगडाचं. झाडांना रोज लागणाऱ्या पाण्याची, माळ्याच्या पगाराची तरतूद करून ठेवणारा दाता काही इतिहासात ठळक दिसत नाही. मनोऱ्याला नाव देता येतं. पखालीतल्या पाण्याला कसं देणार?

आता एकदम २००३ मध्ये येऊ. तोवर म्युझियमची अवस्था वाईट झाली होती. त्या वर्षी महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेची, जाणकारी इंटॅकची आणि पैशाला फाउंडेशनचा हात. कुणी काय करायचं, पुढं म्युझियम चालवायचं कसं, हे कागदावर आलं. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं. आज तुम्ही तिथं इन्स्टाग्रामसाठी हिरव्या-सोनेरी खांबांचे फोटो काढता ना, ते त्या कराराचं फळ. सरकारी मालमत्ता आणि खासगी पैसा यांचं जमत नाही म्हणणाऱ्यांना हे उदाहरण तोंडावर फेकायला मला फार आवडतं.

पण म्युझियमच्या कुंपणापलीकडची झाडं त्या करारात नव्हती. त्यांच्यासाठी पैसा येणार होता तो वेगळ्याच वाटेनं. २००७ च्या सुमारास पालिकेनं प्राणिसंग्रहालयाच्या कायापालटाची चारशे कोटींच्या वरची योजना आणली. परदेशी प्राणी, नवे पिंजरे, नवी बांधकामं. मग दीडशे वर्षांच्या झाडांचं काय, हा प्रश्न काही मुंबईकर महिलांनी विचारला. त्यांनी आधी झाडं मोजली. कुठं, कोणतं, किती. ३,२१३ झाडं आणि २८६ प्रजाती, असा हिशोब मांडला. 'सेव्ह राणी बाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन' नावाची संस्था काढली, वारसा समितीपर्यंत धडक मारली आणि पुढं मूळ योजनेला बरीच कात्री लागली.

माझ्या मते राणीच्या बागेला अलीकडे मिळालेली सगळ्यात मोठी देणगी ही आहे. चेक नाही, कोनशिला नाही. एक यादी! कारण जे मोजलेलं नाही ते तोडलं तरी कुणाला कळत नाही. ३,२१३ हा आकडा कागदावर आला आणि प्रत्येक झाडाचा जाब विचारायची सोय झाली.

हे सगळं मी इतकं डोक्यात घेऊन बसलेय त्याला कारण माझी एक कॉलेजातली मैत्रीण. बँकेत आहे, चांगल्या पोस्टवर. तिचे बाबा गेले. उपनगरातल्या एका छोट्या बागेत ते वीस-बावीस वर्षं रोज सकाळी जायचे. एका पर्जन्यवृक्षाखाली त्यांचा चौघांचा ग्रुप. पेपर, राजकारण, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं तिथंच. मग एका देणगीदारानं त्या झाडाभोवती छान पार बांधून दिला. ग्रॅनाइटचा, अगदी बुंध्याला टेकलेला, वर देणगीदाराचं नाव. बाबा खूश, बसायला सोय झाली. दोनेक वर्षांत झाडाची पानं विरळ व्हायला लागली. मग एक फांदी वाळली, मग अर्धं झाड. शेवटी ते कापलंच. पार आहे, नाव आहे, सावली गेली.

असं का होतं ते कुठल्याही चांगल्या माळ्याला विचारा. झाडाची पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं खूप खोल नसतात, बहुतेक वरच्या दोनेक फुटांतच असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. वर काँक्रीट ओतलं, फरशी बसवली, माती रोलर फिरवून घट्ट केली की मूळ गुदमरतं. झाड लगेच मरत नाही, म्हणून दोष कुणावर येत नाही. दिल्लीत ह्या प्रकारावर राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये आदेश काढावा लागला होता की झाडांच्या बुंध्यापासून एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका.

तर मैत्रिणीला बोनस मिळाला आणि तिनं ठरवलं, बाबांच्या नावानं त्या बागेला काहीतरी द्यायचं. मला म्हणाली, 'तू चल गं सोबत, तुला ह्यातलं कळतं.' गेलो. ऑफिसातल्या माणसानं आदरानं बसवलं, चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'मॅडम, नाव मराठीत घालायचं की इंग्लिशमध्ये?' बाक किती, रोपाला पितळी पाटी किती, कारंजं असेल तर किती, सगळे रेट तयार.

ती म्हणाली, 'बाक नको. इथं जी दहा-बारा मोठी झाडं उरलीत त्यांची आळी मोकळी करा, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर लावा, पालापाचोळा जाळण्याऐवजी बुंध्याशी पसरा. वर्षाचा खर्च सांगा, मी दरवर्षी देते. नाव कुठंच नको.' तो भला माणूस खरंच गोंधळला. पावतीपुस्तक उलटंपालटं केलं आणि म्हणाला, 'ह्याला आपल्याकडे हेडच नाही.'

हेडच नाही! बाकाला खातं आहे, पाटीला आहे, कारंज्याला आहे. झाड जगवण्याला नाही.

मैत्रीण रिक्षात रडली. मी गप्प बसले. काय बोलणार? पण घरी आल्यावर एक शोध घेतला, की जगात कुणी हे खातं उघडलंय का? आणि सापडलं ते नेमकं आपल्या राणीच्या बागेच्याच वयाचं निघालं.

अमेरिकेत बोस्टनला अर्नोल्ड आर्बोरेटम आहे. आर्बोरेटम म्हणजे झाडांचं म्युझियम समजा, फक्त जिवंत. जेम्स अर्नोल्ड नावाचा देवमाशांच्या तेलाच्या धंद्यात श्रीमंत झालेला व्यापारी १८६८ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून १८७२ मध्ये हे उभं राहिलं. इकडे आपलं म्युझियम उघडलं, तेच वर्ष. १८७३ मध्ये त्यांना चार्ल्स स्प्रेग सार्जंट हे पहिले संचालक मिळाले. इकडे राणीची बाग पालिकेकडे गेली, तेच वर्ष. पुढं १८८२ मध्ये बोस्टन शहर आणि हार्वर्ड विद्यापीठ यांनी करार केला. जमीन शहराची, ती हार्वर्डला वर्षाला एक डॉलर भाड्यानं, मुदत एक हजार वर्षं. एक हजार! भिंती, फाटकं, रस्ते आणि पोलीस बंदोबस्त शहरानं बघायचा. झाडं हार्वर्डनं बघायची, अर्नोल्डसारख्या दात्यांनी ठेवलेल्या गंगाजळीच्या व्याजातून. लोकांना प्रवेश फुकट. आजही वर्षाचे ३६५ दिवस फुकट आहे. झाडांना टॅग आहेत, त्यावर नोंदणी क्रमांक. कधी आलं, कुठून आलं, सगळा बायोडेटा तयार.

दाता गेला, त्याची मुद्दल राहिली, व्याजावर झाडं जगतायत. बाकावरच्या नावापेक्षा हे नाव जास्त टिकलंय, नाही का?

'ते अमेरिकेत असतं' असं म्हणणार असाल तर दिल्लीला चला. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारी सुंदर नर्सरी आहे. नवी दिल्ली वसवताना कुठली झाडं तिथं तग धरतील ते बघायला इंग्रजांनी केलेली सरकारी नर्सरी. २००७ मध्ये आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर आणि सरकारी खाती यांच्यात करार झाला. त्यानंतर दहा-अकरा वर्षं काम चाललं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ९० एकरांची बाग लोकांसाठी उघडली. तीनशेच्या आसपास प्रजातींची झाडं, मधोमध मुघल वास्तू आणि वीकेंडला चादरी पसरून बसलेली दिल्ली. मोहम्मद शहीर या लँडस्केप आर्किटेक्टनं ती आखली, उद्घाटन बघायला ते राहिले नाहीत. आणि मुख्य म्हणजे फीत कापून झाल्यावर ट्रस्टनं अंग काढून घेतलं नाही. दहा वर्षं काम करणाऱ्याला माहीत असतं की अकराव्या वर्षी गवत वाढणारच आहे.

आता थोडं आपल्या खिशाचं बोलू. कारण इथं कायद्यात एक मेख आहे आणि ती ऑफिसच्या सीएसआर मीटिंगमध्ये सहसा कुणी काढत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलल्यापासून कुठल्याही संस्थेच्या कॉर्पसला, म्हणजे त्या कायमच्या गंगाजळीला, दिलेले पैसे सीएसआर म्हणून धरले जात नाहीत. म्हणजे अर्नोल्डसाहेबांनी केलं ते तुमची कंपनी सीएसआरमधून करूच शकत नाही. पण त्याच नियमांत 'चालू प्रकल्प' असा प्रकार आहे. सुरू केलेलं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत कंपनी एकाच कामाला बांधून घेऊ शकते. एकूण चार वर्षं. नव्या रोपाला माणसाची गरज साधारण तेवढीच असते! तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये एक दिवसाच्या ड्राइव्हऐवजी चालू प्रकल्प मागा. बजेटमध्ये टी-शर्टच्या ओळीखाली माळ्याचा पगार, टँकर आणि खत अशा तीन ओळी घाला. दोनशे रोपांऐवजी वीस लावा. आणि जुनी बाग निवडा, जिथं आधीच मोठी झाडं आहेत. शंभर वर्षांचं झाड वाचवणं हे शंभर रोपं लावण्यापेक्षा जास्त हिरवं काम आहे, फक्त फोटोला जरा डल दिसतं.

उरली ती गंगाजळी. ती तुम्हा-आम्हालाच करावी लागणार, स्वतःच्या पगारातून. महिन्याचे दोनशे-पाचशे, एक पिझ्झा कमी. पण देताना तीनच गोष्टी विचारा. पैसे कशाला जाणार, पाच वर्षांनी कोण बघणार आणि झाडांची यादी आहे का? यादी नसेल तर पैसे नंतर द्या, आधी रविवारची सकाळ द्या आणि मोजायला बसा. त्या मुंबईकर महिलांनी तेच केलं होतं.

माझ्या मैत्रिणीनं अर्ज केलाय. त्या बागेत देखभालीसाठी वेगळं खातं उघडा म्हणून. तिच्या बाबांच्या ग्रुपमधल्या उरलेल्या तिघांनी खाली सह्या केल्यात. अजून उत्तर नाही. उन्हाळ्यात ते तिघं घरून बाटल्यांतून पाणी नेतात, एकेका झाडाला.

तुम्ही मात्र एवढ्यात राणीच्या बागेत जाऊन या. बुधवारी बंद असते, बाकी सहा दिवस उघडी. पेंग्विनची रांग मोठी असेल तर चिडू नका. वर बघा.